आइसलँडची अर्धी प्रदक्षिणा : पहिल्या मोटरहोम सहलीचा प्रकरण अभ्यास

दक्षिण जर्मनीत स्थायिक झालेले एक मराठी जोडपे, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेल्या आजी, अशा चौघांची ही गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत. निर्णय, त्यांच्या वेळा आणि वाऱ्याचे आकडे मात्र सुनेने वहीत टिपून ठेवले होते तसेच घेतले आहेत. नावांऐवजी आजींच्या नात्यानेच सगळ्यांना ओळखू : मुलगा, सून, नात.

आइसलँडला मोटरहोमने जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढते आहे आणि बहुतेकांच्या आखणीत धबधबे, हिमनद्या आणि किलोमीटर असतात, वारा नसतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

पार्श्वभूमी

त्यांच्या राज्यात शाळेची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. जुलै-ऑगस्टपेक्षा सप्टेंबरमध्ये गाडीचे भाडे बरेच उतरते. त्यामुळे सुट्टीचा शेवटचा तुकडा, शनिवार ते पुढच्या आठवड्यातला सोमवार, असा नऊ रात्रींचा बेत ठरला. आजींकडे शेंगेन व्हिसा होता आणि आइसलँड शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही.

मोटरहोम का, याला कारण आजींचे गुडघे. रोज नवे हॉटेल, रोज जिने आणि बॅगा नकोत. शिवाय आजींना बाहेरचे खाणे फारसे चालत नाही. गाडीत शेगडी, फ्रिज, संडास आणि कायमचा पलंग असला की घर सोबत येते, हा विचार चुकीचा नव्हता. त्यांनी सात मीटर लांबीची, साडेतीन टनांच्या मर्यादेत बसणारी गाडी घेतली, म्हणजे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येईल अशी. दोघांपैकी कोणीही याआधी एवढी मोठी गाडी हाकलेली नव्हती. सुनेचे नाव दुसरी चालक म्हणून नोंदवायला जादा पैसे पडत होते, ते वाचवले. या छोट्या बचतीकडे पुढे परत यावे लागेल.

बेत सरळ होता : बेटाला वळसा घालणारा क्रमांक १ चा रस्ता, ज्याला रिंग रोड म्हणतात, तो पुरा करायचा. लांबी सुमारे १,३२० किलोमीटर. हा रस्ता खऱ्या अर्थाने वर्तुळ झाला १९७४ मध्ये, आग्नेयेकडच्या स्केइदारारसांदुर या वाळूच्या सपाटीवरून पूल झाला तेव्हा. त्याआधी आग्नेय किनाऱ्यावरच्या होफ्न गावाच्या लोकांना राजधानी रेक्याविकला गाडीने जायचे तर उत्तरेकडून अख्ख्या बेटाला वळसा पडायचा. १९९६ मध्ये वात्नायोकुल या हिमाच्छादित प्रदेशाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, नोव्हेंबरमध्ये पुराचा लोंढा आला आणि पुलाचा मोठा भाग वाहून गेला. त्याचे पिळवटलेले लोखंडी तुळईचे तुकडे आजही रस्त्याकडेला ठेवले आहेत. या बेटावरचा रस्ता निसर्गाच्या परवानगीने चालू असतो, हे सांगायला तेवढे पुरे.

आजींनी बेत ऐकल्या ऐकल्या त्याला नाव दिले : प्रदक्षिणा. ते नाव घरात रूढ झाले. कौतुकाने दिलेल्या त्या नावाने नकळत एक बंधन घातले. प्रदक्षिणा म्हटली की ती पुरी करायची असते.

आखणीतले दोन कच्चे दुवे

सरासरी काढली तर रोज दीडशे किलोमीटर. कागदावर हे काहीच नाही. पण त्यांनी दोन गोष्टी घट्ट बांधून टाकल्या होत्या : मंगळवारी दुपारी दोनला योकुल्सारलोन या हिमनगांच्या सरोवरात बोटफेरी आणि शुक्रवारी उत्तरेला हुसाविक येथे देवमासे पाहण्याची सफर. दोन्हींचे पैसे आगाऊ भरलेले. बाकी कॅम्पसाइट आयत्या वेळी मिळतात म्हणून मोकळ्या ठेवल्या, आणि ते योग्यच होते. एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक होती, ती बऱ्याच जणांना नसते : २०१५ पासून लागू असलेल्या निसर्गसंरक्षण कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कॅम्पसाइटबाहेर मोटरहोममध्ये रात्र काढता येत नाही. रस्त्याकडेच्या सुंदर वाहनतळावर मुक्काम ठोकण्याचे दिवस गेले.

दुसरा दुवा विम्याचा. खडीने काच फुटली तर भरपाई, वाळू-राखेने रंग खरवडला गेला तर भरपाई, असे दोन्ही जादा विमे त्यांनी घेतले. करारात एक ओळ होती : वाऱ्याने दार उलटे फिरून झालेले नुकसान विम्यात येत नाही. सुनेने ती वाचली, मुलाला दाखवली आणि दोघांनी 'लक्षात ठेवू' म्हटले. गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपत्रकात असेही लिहिले होते की वारा सेकंदाला १५ मीटरच्या वर गेला की जपून, आणि २० च्या आसपास गेला की गाडी हलवूच नका.

आपल्याला वारा ताशी किलोमीटरमध्ये ऐकायची सवय असते. आइसलँडमध्ये सगळीकडे, हवामान खात्याच्या संकेतस्थळापासून रस्त्यावरच्या विद्युत फलकांपर्यंत, तो सेकंदाला मीटरमध्ये देतात. १५ म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, ३० म्हणजे ताशी १०८. पण आकडा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, हे खरे समजून घेण्याचे आहे. अशा मोटरहोमची एक बाजू अठरा-वीस चौरस मीटरची असते. १५ च्या आडव्या वाऱ्यात तिच्यावर अडीच-तीनशे किलोंच्या आसपास रेटा येतो. ३० च्या झोतात तो एक टनाच्या घरात जातो, आणि गाडीचे सगळे वजन साडेतीन टन. त्यात झोत सलग नसतो; येतो, सोडतो, पुन्हा येतो. चालक एका बाजूला स्टिअरिंग धरून असतानाच तो अचानक थांबला, तर गाडी आपल्याच जोराने दुसरीकडे जाते.

सोमवार संध्याकाळ : पेच उभा राहतो

पहिले तीन दिवस छान गेले. थिंगवेत्लिर राष्ट्रीय उद्यान, स्त्रोक्कुर हा उसळणारा गरम पाण्याचा झरा, गुत्लफॉस धबधबा, मग दक्षिण किनाऱ्याने सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे. मुलगा गाडीला सरावला. एकपदरी पूल, चढावरून समोरचे न दिसणारे रस्ते, मध्येच उभ्या राहणाऱ्या मेंढ्या, सगळ्याला तो शांतपणे सामोरा गेला. रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर आजींना त्यांनी पाण्यापासून बरेच लांब उभे केले, कारण तिथे एखादी लाट अवचित फार आत येते आणि माणसांना ओढून नेते. सोमवारी रात्री मुक्काम विक गावात.

जेवण झाल्यावर सुनेने हवामान खात्याचे पान उघडले. आग्नेय भागासाठी सकाळी पिवळा इशारा होता, तो आता नारिंगी झाला होता. मंगळवार दुपारपासून बुधवार रात्रीपर्यंत वादळी वारा, डोंगरांच्या पायथ्याशी झोत सेकंदाला ३५ मीटरपर्यंत, मोठ्या वाहनांना प्रवास धोक्याचा.

विक ते योकुल्सारलोन सुमारे १९० किलोमीटर. वाटेत आधी मिर्दाल्ससांदुरची वाळू, मग किर्क्युबायारक्लोइस्तुर हे गाव (सगळे त्याला क्लोइस्तुरच म्हणतात), मग लोमाग्नूपुरचा सरळसोट कडा, स्केइदारारसांदुर आणि त्यापुढे ओरायवी. ओरायवीच्या वर देशातला सर्वांत उंच पर्वत आहे, दोन हजार मीटरच्या वर, आणि रस्ता त्याच्या पायथ्याशी जवळजवळ समुद्रसपाटीला. वारा त्या हिमाच्छादित पठारावरून खाली कोसळतो किंवा डोंगराची कड धरून वेग घेतो. त्यामुळे सपाटीवर १५ असेल तेव्हा तिथे झोत ३० चे असू शकतात. मी या पट्ट्यातून मोटरहोम नेले आहे; साध्या दिवशीसुद्धा कड्याची आड संपते तिथे गाडी एक हात बाजूला सरकते.

समोरचे पर्याय

त्या रात्री टेबलाभोवती जे बोलणे झाले ते सुनेने नंतर मला बारकाईने सांगितले. मुलाचे म्हणणे होते की इशारा दुपारपासून आहे. सहाला निघालो तर साडेनऊ-दहाला योकुल्सारलोनला पोचू, बोट पकडू आणि संध्याकाळच्या आत होफ्न गाठू. वादळाच्या पुढे पळायचे. यात तर्क होता. इशाऱ्याची वेळ खरी धरली तर चार तास हाती होते.

सुनेची हरकत दोन मुद्द्यांवर होती. एक, इशाऱ्याची वेळ अख्ख्या भागासाठी असते. ओरायवीच्या पायथ्याशी झोत त्याआधीच सुरू होतात आणि ताशी अंदाजाच्या नकाशावर ते सकाळी आठपासूनच दिसत होते. दुसरा मुद्दा जास्त वजनदार. समजा पोचलो, तर वादळ आपल्याला कुठे गाठणार? सरोवराजवळच्या उघड्या वाहनतळावर, किंवा तिथून होफ्नच्या ऐंशी किलोमीटरच्या रस्त्यावर. मागे फिरायला रस्ता उरणार नाही.

विकमध्येच थांबणे हा दुसरा पर्याय. सर्वांत सोपा, पण बोट नक्की बुडणार. तिसरा पर्याय नातीने काढला : उलट दिशेने का जाऊ नये? पश्चिमेला परत जाऊन उत्तरेकडून फेरी करायची आणि आग्नेय भाग शेवटी ठेवायचा. मोठ्यांनी तो दोन मिनिटांत बाजूला सारला, कारण तीन दिवस पाहिलेल्या रस्त्याने परत जाणे म्हणजे वेळ वाया घालवणे असे त्यांना वाटले. माझ्या मते संपूर्ण सहलीत हा पर्याय सर्वांत कमी तपासला गेला. विकहून रेक्याविक १८७ किलोमीटर, आणि पश्चिम-उत्तर भागात बुधवार-गुरुवारी हवा बरी होती. बोट तशीही हुकणार होती, पण हुसाविकची शुक्रवारची सफर साधली असती आणि नंतर सांगेन तो दुसरा पेच बहुधा उभाच राहिला नसता.

आजी या चर्चेत बोलल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "रात्री गाडी हलेल का रे?"

मंगळवार : मधला मार्ग

शेवटी त्यांनी निर्णय दोन तुकड्यांत केला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. पहाटे निघायचे, पण फक्त क्लोइस्तुरपर्यंत, म्हणजे सत्तर किलोमीटर. तिथे कॅम्पसाइट आहे, दुकान आहे, पेट्रोलपंप आहे, जवळ डोंगराचा आडोसा आहे. तिथे थांबून पुढच्या केंद्रांवरचे चालू आकडे पाहायचे. झोत २० च्या खाली असतील तरच पुढे. हा आकडा सुनेने रात्रीच वहीत लिहिला आणि मुलाने त्याखाली सही केली. सही गमतीने केली होती, पण तिचा उपयोग झाला.

मिर्दाल्ससांदुरवर वाळूचे लोट अजून उठले नव्हते. साडेसातला ते क्लोइस्तुरला पोचले. तिथे हवा जवळजवळ शांत. ऊन पडलेले. इथे माणूस फसतो : समोर निळे आकाश असते आणि फोनवरचा आकडा खोटा वाटतो. रस्ते विभागाच्या नकाशावर ओरायवीतल्या केंद्राने दाखवले : सरासरी १७, झोत २६. मुलगा म्हणाला, अर्ध्या तासाने पुन्हा पाहू. अर्ध्या तासाने झोत २९ झाला. मग त्याने गाडी कॅम्पसाइटकडे वळवली.

दहाच्या सुमारास बोटवाल्यांचा निरोप आला : वाऱ्यामुळे आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द, पैसे परत. ज्या बुकिंगपायी रात्रभर जीव टांगणीला लागला होता ते त्यांनीच मोडले. यात योगायोग काही नाही. ज्या वाऱ्यात मोटरहोम नेऊ नये त्या वाऱ्यात बोटही निघत नाही, आणि असे व्यावसायिक हवामानामुळे फेरी रद्द झाली की साधारणपणे पैसे परत करतात किंवा दुसरा दिवस देतात. आधी एवढे समजून घेतले असते तर सोमवारच्या रात्रीच्या चर्चेतून बोट हा मुद्दाच वगळता आला असता.

दुपारी पुढचा रस्ता अधिकृतपणे बंद झाला. कॅम्पसाइटवर गाड्या येत राहिल्या. जुन्या प्रवाशांचे बघून मुलाने गाडीचे नाक वाऱ्याच्या दिशेला केले, इमारतीच्या आडोशाला सरकवली, गॅस बंद केला आणि छतावरच्या झडपा घट्ट लावल्या. एवढे सगळे नीट केल्यावर चारच्या सुमारास नात पाठमोऱ्या वाऱ्यात दार उघडून उतरली आणि दार तिच्या हातातून सुटले. बिजागरी वाकली, दार पूर्ण मिटेना. मुलीला काही लागले नाही, हे महत्त्वाचे. दार दोरीने आतून बांधून ठेवावे लागले आणि दुरुस्तीचे बिल पुढे पदरचे भरावे लागले, करारातल्या त्या एका ओळीप्रमाणे. 'लक्षात ठेवू' हे फक्त मोठ्यांचे आपसातले ठरले होते. दारातून सर्वांत जास्त ये-जा करणाऱ्या मुलीला कोणी दाखवलेच नव्हते. दार उघडण्याआधी वारा कुठून येतो ते पाहायचे, दोन्ही हातांनी धरायचे, वारा जास्त असेल तर मोठ्या माणसाने उघडायचे. हे गाडी ताब्यात घेतानाच, लहानांसकट सगळ्यांनी दोन-चारदा करून पाहायला हवे.

संध्याकाळी गाडी हलू लागली. आजी घाबरल्या, आणि त्यात नवल नाही. आत बसलेल्याला ते हलणे प्रत्यक्षापेक्षा मोठे वाटते. सुनेने गावातल्या अतिथिगृहात एक खोली मिळवली. शेवटची होती, महाग होती. आजी आणि नात दोन्ही रात्री तिथे झोपल्या. बुधवारी दिवसभर चौघे त्या खोलीत. आजींच्या पिशवीतले मेतकूट, मऊ भात, तूप आणि पत्त्यांचा डाव. नातीच्या मते सहलीतला हा सर्वांत चांगला दिवस.

गुरुवार-शुक्रवार : दुसरा पेच

गुरुवारी सकाळी रस्ता उघडला. ते योकुल्सारलोनला गेले, बोट मिळाली, निळे-काळे हिमनग आणि पलीकडच्या काळ्या किनाऱ्यावर येऊन पडलेले त्यांचे तुकडे पाहिले आणि रात्री होफ्नला पोचले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हुसाविकची सफर आता जमणे शक्य नव्हते. ते पैसे बुडाले.

पण प्रदक्षिणा अजून शक्य होती. शुक्रवारी एगिल्सस्तादिर, शनिवारी मीवात्नवरून आकुरेरी, रविवारी रेक्याविक. होफ्न ते एगिल्सस्तादिर किनाऱ्याच्या रस्त्याने अडीचशे किलोमीटर, पुढे आकुरेरी आणखी अडीचशे, आणि आकुरेरी ते रेक्याविक जवळपास ३९०. जमण्यासारखे होते, फक्त एक दिवसही हातचा राहत नव्हता. आणि शनिवारसाठी ईशान्येकडच्या उंच पठारावर बर्फाचा अंदाज होता.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ? तिथे हे घडते. सप्टेंबर २०१२ मध्ये १० तारखेच्या सुमारास उत्तर आइसलँडमध्ये असा काही हिमपात झाला की डोंगरावर चरायला सोडलेल्या हजारो मेंढ्या बर्फाखाली गाडल्या जाऊन मेल्या. या कुटुंबाच्या गाडीला उन्हाळी टायर होते. चालक एकच, आणि तो आठवडाभर ताणात गाडी चालवून थकलेला. दार दोरीने बांधलेले.

आणखी एक छोटा सापळा याच टप्प्यावर आहे. फोनवरचा नकाशा होफ्नहून एगिल्सस्तादिरसाठी ओक्सी नावाच्या घाटाचा, ९३९ क्रमांकाचा रस्ता सुचवतो, कारण तो साठेक किलोमीटरने जवळचा पडतो. तो कच्चा आहे, चढ अतिशय उभा आहे आणि धुके नेहमीचे. मोटरहोमने तो घेऊ नये. मुलाने 'आपण लवकर पोचू' म्हणून दाखवलेला रस्ता हाच होता. शेजारच्या गाडीतल्या आइसलँडी बाईंनी हात हलवून नाही म्हटले तेव्हा कळले. क्रमांक १ चा रस्ता २०१७ पासून किनाऱ्याने, फ्योर्डांना, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांना, वळसे घालत जातो. लांबचा आहे, पण तोच खरा.

शुक्रवारी सकाळी चर्चा पुन्हा अडली. पुढे जाण्याच्या बाजूने जे काही होते ते बहुतेक एका शब्दात सामावले होते, आणि तो शब्द आजींचा होता. मुलगा म्हणाला, "आई, तुझी प्रदक्षिणा अर्धीच राहील." त्यावर आजी म्हणाल्या, "शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडतात का रे? तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. तीच पुरी झाली म्हणतात."

सुनेच्या म्हणण्यानुसार या एका वाक्याने मुलाचे खांदे सैल झाले. मागे फिरणे हे हार मानण्यासारखे उरले नाही. असा दिलासा जवळच्या माणसाच्या तोंडून यावा लागतो; आकडे तो देत नाहीत.

निष्पत्ती

ते आल्या वाटेने परतले, घाई न करता. होफ्नजवळचा स्तोक्सनेस किनारा, स्काफ्ताफेल येथे एक मुक्काम, तिथे मुलगा-नात हिमनदीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि आजी गाडीच्या खिडकीशी बसून स्वेटर विणत राहिल्या. वादळात जे लोमाग्नूपुर आणि ती वाळू त्यांना भीतीची जागा होती, ती स्वच्छ उन्हात त्यांनी गाडी थांबवून पाहिली. एका रात्री उत्तरेचा ध्रुवीय प्रकाशही दिसला, हिरवट, फिका, पण दिसला. सोमवारी गाडी वेळेत परत केली. बुडालेले पैसे : देवमाशांची सफर, दाराची दुरुस्ती, खोलीच्या दोन रात्री.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. शनिवारी ईशान्येला बर्फ पडला, पण अंदाजापेक्षा कमी. रस्ता निसरडा होता, बंद झाला नाही. होफ्नच्या कॅम्पसाइटवर ओळख झालेले एक जोडपे तसेच दुसरे मोटरहोम घेऊन पुढे गेले आणि सुखरूप पोचले. मुलाला हे कळले तेव्हा तो दिवसभर गप्प होता. अजूनही विषय निघाला की तो म्हणतो, जाता आले असते. जाता आले असते हे खरे. पण शुक्रवारी सकाळी त्यांच्याजवळ अंदाज होता, उन्हाळी टायर होते, एक थकलेला चालक होता आणि न मिटणारे दार होते. तेवढ्यावर मागे फिरणे बरोबर होते, आणि शनिवारी हवा सुधारली म्हणून ते चूक ठरत नाही. दुसरे जोडपे पोचले याचा आनंद आहे. त्यांच्या गाडीत दोन चालक होते आणि सडसष्ट वर्षांच्या आजी नव्हत्या.

काय वेगळे करता आले असते

दुसऱ्या चालकाची बचत सर्वांत महाग पडली. सुनेला जर्मनीत गाडी चालवायची रोजची सवय आहे. तिचे नाव नोंदवले असते तर शुक्रवारचा हिशेब बदलला असता, आणि सोमवारच्या चर्चेतही तिचे मत 'शेजारी बसणाऱ्याचे' राहिले नसते. गाडी कोण चालवतो यावर घरात कोणाचे म्हणणे चालते हे ठरते, आणि वाऱ्यात ते धोक्याचे आहे. ज्याला पुढे जाऊ नये असे वाटते त्याच्या एका 'नाही'वर गाडी थांबेल, हे निघण्याआधीच ठरवावे. वहीतला २० चा आकडा त्यामुळेच कामी आला. तो शांत डोक्याने, आदल्या रात्री लिहिलेला होता. उन्हात उभे राहून ठरवला असता तर २५ झाला असता, मग २८.

सप्टेंबरमध्ये सात मीटरच्या उंच गाडीऐवजी बुटकी कॅम्पर व्हॅन आणि मधूनमधून अतिथिगृह असा मेळ आजींच्या गुडघ्यांनाही चालला असता. वारा तिलाही लागतो, पण बाजू निम्मी असली की रेटाही साधारण निम्मा. मोठी गाडीच हवी तर जून-जुलै बरे. तेव्हाही वादळे येतात, पण क्वचित, आणि रात्र जवळपास होत नसल्यामुळे वारा पडेल तेव्हा, अगदी मध्यरात्रीही, निघता येते. सप्टेंबर सरत येतो तशा उत्तर-पूर्वेकडच्या कॅम्पसाइटही एकेक करून बंद होऊ लागतात, म्हणजे वाटेत थांबायच्या जागा नेमक्या गरजेच्या वेळी कमी होतात.

नऊ रात्रींत पूर्ण फेरी करायचीच असेल तर दोन रात्री कोऱ्या ठेवाव्यात, कुठल्या ते न ठरवता. या कुटुंबाने नेमक्या दोनच रात्री वादळात घालवल्या. बोटीसारखी बुकिंगे तिथे पोचल्यावर, आदल्या दिवशी करावीत. सप्टेंबरमध्ये जागा बहुधा मिळते.

आणि दिशा. बहुतेक जण दक्षिणेकडून सुरुवात करतात कारण प्रसिद्ध ठिकाणे तिकडे आहेत. गाडी हाती आल्यावर पुढच्या चार दिवसांचा अंदाज पाहून डावीकडे की उजवीकडे हे ठरवण्याची मुभा ठेवली, तर पहिल्या मोटरहोम सहलीत याहून मोठी सोय नाही. या कुटुंबाला शनिवारी सकाळीच मंगळवारचे वादळ नकाशावर ढोबळपणे दिसत होते. सुनेने त्याची नोंदही केली आहे. पण मंगळवारची बोट ठरलेली होती, म्हणून त्यांनी उत्तरेचा विचार केला नाही. नातीने सोमवारी रात्री तोच पर्याय पुन्हा समोर ठेवला तेव्हाही उशीर झाला नव्हता. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते पुन्हा जाणार आहेत, दोन्ही चालकांची नावे नोंदवून. सुरुवात आकुरेरीकडून करायची की विककडून, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. ते गाडी ताब्यात घेतल्यावर ठरेल.